चालत्या होडीचं माप

नदीकाठच्या बोळात छतं शिवणारं एकच दुकान होतं आणि त्यात माणसंही मोजून दोनच, एक मापणारी आणि एक कापणारा. कापणारे ते मास्तर. मापणाऱ्या त्यांच्या बायकोला सगळा काठ मापकाकू म्हणायचा. काकूंचं पाळण्यातलं नाव काय, असं कुणी विचारलं असतं तर खुद्द मास्तरांनाही डोकं खाजवावं लागलं असतं. ते आपले 'अगं' म्हणत आणि काकू 'अहो' म्हणत, एवढ्यावर संसार छान चालला होता.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. मधोमध कापायचं टेबल, तेही खोलीइतकंच लांब, त्यामुळे पलीकडे जायचं तर पोट आत घ्यावं लागे. भिंतीशी कापडाचे तागे उभे. खिडकीजवळ शिवणयंत्र, आणि दाराशेजारी एक खिळा. रात्री त्या खिळ्याला काकूंची टेप, दिवसभर ती त्यांच्या कमरेला. टेपेची सुरुवातीची कडी झिजून पातळ झाली होती, पण ती बदलू म्हटलं की काकू अंगावर धावून येत. म्हणत, "ती किती झिजली ते मला ठाऊक आहे. नवी किती खोटी असेल ते कुणाला ठाऊक?"

माप घ्यायची त्यांची रीत ठरलेली होती. शून्याचं टोक मास्तर धरणार, दुसरं काकू. टेप ताणली की काकू विचारणार, "हं?" तिकडून मास्तर म्हणणार, "हं!" आणि त्याच क्षणी काकूंचं नख टेपेवर दाबलं जाणार. वाऱ्याने हलणारं कापड असो, लोंबकळणारा दोर असो, दोन टोकांना दोघांचं बोट एकाच वेळी पडलं पाहिजे, आधी नाही नि मागून नाही. लग्नानंतर पहिली काही वर्षं यावरून भांडणं झाली. "तुम्ही आधी सोडलंत!" "तू मागून वाचलंस!" पुढे 'हं'ला 'हं' असा काही बसला, की शेजारचा कुलूपवाला म्हणे, यांचं एकमेकांशी पटतं ते फक्त या एका अक्षरापुरतं.

आणि मास्तरांचीही एक रीत होती. गिऱ्हाईक स्वतः माप घेऊन आलं, तर मास्तर ते ऐकून घेत, मान डोलवत आणि कापताना रेघेच्या पुढे हात आडवा ठेवून चार बोटं कापड जास्त सोडत. "कमी पडलं तर रडायचं, जास्त झालं तर दुमडायचं," हे त्यांचं म्हणणं. घर बांधणाऱ्या इंजिनिअरचं माप असो की पोलिसाचं, चार बोटं सुटायचीच. काकूंचं माप असलं की मात्र कात्री थेट रेघेवर. इतक्या वर्षांत मास्तरांनी काकूंना कधी 'छान दिसतेस' म्हटलं नव्हतं, साडी आणली नव्हती, वाढदिवस तर त्यांना स्वतःचाही आठवत नसे. पण कात्री रेघेवर ठेवायचे. काकूंना तेवढं पुरायचं. पुरायचं कसलं, त्या जोरावर त्या काठाने ताठ मानेने हिंडायच्या.

तर अशा या काकूंचं माप एकदा चुकलं.

झालं असं, की पलीकडच्या तीरावर माणसं नेणाऱ्या एका नावाड्याला होडीवर नवं छत हवं होतं. एरवी होड्या काठावर ओढलेल्या असायच्या, तेव्हा मास्तर येत. ही मात्र पाण्यात होती. आणि मास्तर पाण्याला भ्यायचे. होड्यांची छतं शिवण्यात हयात गेली, पण होडीत पाय म्हणून ठेवला नाही, असा हा माणूस.

"काठावर ओढायला सांग, मग येतो," मास्तर म्हणाले.

"कालच रंग दिलाय तिला. ओल्या रंगाची होडी ओढतात होय? धक्क्यावर तरी उभे राहाल की नाही?"

"धक्काही पाण्यातच आहे."

"मग बसा घरी अंडी उबवत! मी एकटी काय मेलेय?" असं म्हणून काकू तरातरा निघाल्या. नाकावरचा राग धक्क्यापर्यंत उतरला नव्हता.

होडी धक्क्याला लागून उभी होती, एकाच दोराने बांधलेली. आत पाय ठेवायची सोय नाही, रंग चिकटत होता. नावाडी मागच्या फळीला ब्रश मारत होता, त्याचे हात कोपरापर्यंत हिरवे. काकूंनी युक्ती काढली. होडीच्या पुढच्या खांबासमोर धक्क्यावर खडूने रेघ मारली. मग चालत मागच्या खांबापाशी गेल्या, वाटेत नावाड्याला 'रंग पातळ झालाय' एवढं सुनावलं आणि तिथे दुसरी रेघ मारली. दोन रेघांमधलं अंतर मापलं, की झालं छताचं माप. काकू स्वतःवरच खूश होऊन घरी आल्या.

छत शिवून झालं, नेलं, बांधायला घेतलं, तर चांगलं वीतभर कमी! पुढची कडी खांबापर्यंत पोचेच ना. नावाड्याने ओढलं, त्याच्या भावाने ओढलं, शेवटी शिवण उसवायची वेळ आली. धक्क्यावर ही गर्दी. "मापकाकूंचं माप कमी पडलं!" अशी बातमी काकू घरी पोचायच्या आधी बोळात पोचली होती.

मास्तरांनी छत परत आणलं, टेबलावर पसरलं, मापलं. काकूंनी सांगितलं होतं तेवढंच भरलं, काडीचाही फरक नाही. म्हणजे कापणाऱ्याची चूक नाही. मास्तर ओरडले असते तर बरं झालं असतं, काकूंनाही दोन शब्द सुनावता आले असते. पण ते गप्प राहून चहा प्याले आणि त्या चहाच्या घोटांचा आवाज काकूंना सहन होईना.

तरी तेवढ्यावर निभावलं असतं. पुढच्या आठवड्यात भांड्यांच्या दुकानाचं छत शिवायला आलं. माप दोघांनी मिळून घेतलेलं, 'हं'ला 'हं' नेहमीसारखा. मास्तर कापायला उभे राहिले. काकू शिवणयंत्रात दोरा ओवत होत्या आणि सहज मान वळवली, तर मास्तरांनी रेघेच्या पुढे हात आडवा ठेवला होता. चार बोटं. कात्री तिथून फिरली.

काकूंना तोंडात मारल्यासारखं झालं.  दोरा ओवला, उठल्या, कमरेची टेप काढून खिळ्याला अडकवली आणि आत स्वयंपाकघरात जाऊन कारण नसताना सगळे डबे घासून काढले. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "आता डोळे दुखतात हो माझे. मापाचं तुमचं तुम्ही बघा." डोळ्यांना काही झालं नव्हतं. दुखलं होतं ते वेगळंच.

मास्तरांनी बघितलं ते असं, की टेपेचं एक टोक खिळ्याने भिंतीला ठोकायचं आणि दुसरं धरून पळायचं. खिळा निसटायचा. टेप सापासारखी वळवळत येऊन त्यांच्याच पायात गुंतायची. कुलूपवाल्याची करमणूक झाली. तो म्हणे, "मास्तर, खिळ्याला 'हं' म्हणायला शिकवा आधी."

अशात लेक आली. ती दूरच्या शहरात कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची आणि सुट्टीला यायची. आल्या आल्या तिने पाहिलं, आईच्या कमरेला टेप नाही. हे म्हणजे घराला दार नाही असं दिसलं तिला. तिने बापाला विचारलं, तर त्यांनी होडीचं सांगितलं. आईला विचारलं, तर तिनेही होडीचंच सांगितलं. चार बोटांचं काकू बोलल्या नाहीत. ते सांगायचं म्हणजे नवऱ्याची तक्रार लेकीपाशी करायची, आणि आपलेच दात नि आपलेच ओठ.

"कसं मापलंस ते दाखव बघू," लेक म्हणाली.

"दाखवायचंय काय त्यात? पुढच्या खांबाला रेघ, मग मागच्या खांबाला रेघ."

"एकाच वेळी?"

"एकाच वेळी कशी? मला काय चार पाय आहेत? चालत गेले की!"

लेकीने टेबलावर लाकडी गज ठेवला आणि आईच्या हातात खडू दिला. मग गज हळूहळू पुढे सरकवत म्हणाली, "ही होडी. कर खुणा, त्या दिवशीसारख्या."

काकूंनी सरकत्या गजाच्या पुढच्या टोकाशी खूण केली, मग मागच्या टोकाशी. लेकीने गज उचलून दोन खुणांवर धरला, तर गज खुणांबाहेर डोकावत होता. माप कमी भरलं होतं. काकूंनी टेबलाकडे बघितलं, गजाकडे बघितलं.

"अगंबाई! म्हणजे मी मागे जाईपर्यंत मेली पुढे सरकली!"

"एकाच दोराने बांधलेली ना? मग पाण्याबरोबर सरकणारच."

"थांब, थांब." काकूंनी पदर खोचला. या वेळी त्यांनी मागची खूण आधी केली, पुढची नंतर. आता माप गजापेक्षा जास्त भरलं. "बघा हो, आता लांब झाली! गज तोच!" आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्या मास्तरांकडे बघून बोलल्या.

मास्तर शिवणयंत्रावरून उठून आले. न सांगता एक खडू उचलून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभे राहिले. लेकीने गज सरकवला. "हं?" "हं!" दोन खुणा एकदम पडल्या. गज ठेवून पाहिला, तर अगदी बरोबर.

काकूंचा चेहरा असा फुलला की बघत राहावं. चूक झाली याचं दुःख नसतं हो एवढं, ती कुठे झाली हे कळत नाही त्याचं असतं. आता कळलं होतं. म्हातारपण नाही, डोळे नाहीत, टेप नाही. होडी चालत होती, बस्स!

पण लेक मास्तरीण पडली, ती तिथे थांबते काय! म्हणाली, "आई, पुढे ऐकशील तर गंमत आहे. आता समज, होडी फार जोरात चाललीय. प्रकाशाच्या जवळपास वेगाने."

"तुझा नावाडी वल्ही मारून मरेल."

"मरू दे. होडीच्या बरोब्बर मध्ये दिवा लावला. त्याचा उजेड पुढच्या नि मागच्या खांबाकडे निघाला. होडीत बसलेला काय म्हणेल?"

"मधोमध आहे ना दिवा? मग दोन्ही खांबांना उजेड एकदमच पोचला म्हणेल."

"बरोबर. आता बाबा धक्क्यावर उभे आहेत."

"मी धक्क्यावर नाही," मास्तर घाईने म्हणाले. "मी काठावर."

"बरं, काठावर. उजेडाचा एक हट्ट असतो. होडीत बसून मापा की काठावरून मापा, त्याचा वेग तेवढाच भरतो. होडीच्या धावण्याने त्यात भर पडत नाही. मग बाबांना काय दिसेल? मागचा खांब उजेडाला सामोरा येतोय, पुढचा त्याच्यापासून पळतोय."

मास्तरांनी टेबलावर दोन बोटं चालवून पाहिली. "मागच्याला आधी पोचेल."

"एकदमच पोचेल," काकू म्हणाल्या.

"अगं, मागचा पुढे येतोय ना!"

"येऊ दे. मी होडीत आहे, माझ्यापुढे तो जागचा हललेला नाही."

"भांडू नका, दोघांचंही खरं आहे," लेक हसत म्हणाली. "होडीतलं 'एकदम' वेगळं, काठावरचं 'एकदम' वेगळं. आता काठावरच्या दोघांनी नीट 'हं' म्हणून होडीच्या दोन टोकांना खुणा केल्या. त्यांच्या हिशेबाने अगदी एकाच वेळी. पण होडीतला काय म्हणेल, माहितेय? म्हणेल, तुम्ही पुढची खूण आधी केलीत आणि मागची नंतर."

काकूंनी कपाळावर हात मारला. "म्हणजे माझीच चूक!"

"तुझीच चूक, असं होडीतल्याला वाटतं. काठावरच्याला वाटतं, आपलं बरोबरच आहे, होडीच होडीतला म्हणतो त्यापेक्षा आखूड आहे. आणि होडीतल्यांनी उलट धक्का मापला, तर त्यांना धक्का आखूड भरतो, आणि काठावरचे म्हणतात, तुम्हीच खुणा मागेपुढे केल्यात."

"तुम्ही आधी सोडलंत, तू मागून वाचलंस," मास्तर पुटपुटले.

"मग यातलं खोटारडं कोण?" काकूंनी विचारलं.

"कुणीच नाही."

"आणि होडी खरंच आकसते?"

"कुणी तिला पिळत नाही. होडीतल्याला काही जाणवतसुद्धा नाही. पण काठावरून आखूड भरते तो डोळ्यांचा भास नाही, मापच तेवढं येतं. लांबी म्हणजे दोन टोकं एकाच वेळी, आणि एकाच वेळी म्हणजे कुणाच्या वेळी, हे आधी सांगावं लागतं."

काकूंनी खडू खाली ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे त्या दिवशी माझी वीत अशी गेली?"

लेकीला खोटं बोलता येत नव्हतं, हा तिचा लहानपणापासूनचा दुर्गुण. म्हणाली, "नाही गं. आपल्या नदीत त्याने केसाच्या केसाएवढाही फरक पडत नाही. तुझी चूक साधी होती. तू एकटी गेलीस आणि चालत बसलीस."

"हं," काकू म्हणाल्या.

मास्तर मात्र अजून टेबलापाशीच होते. गिऱ्हाइकाचा विचार सुटेना. "ते सगळं ठीक. पण एक सांग, अशा होडीचं कापड कापायचं कुणाच्या मापाने?"

"होडीत बसणाऱ्याच्या, बाबा. जो वस्तूबरोबर असतो, त्याच्यापुढे ती थांबलेली असते. तो एक टोक आज मापेल, दुसरं उद्या. बाकी सगळ्यांना ती त्याहून आखूडच भरणार."

मास्तरांनी मान हलवली आणि ते यंत्रावर जाऊन बसले. पण यंत्राचा आवाज बराच वेळ आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू खिळ्यापाशी आल्या. टेप काढावी की न काढावी, हात वर जाईना. एवढ्यात मागून मास्तरांनी ती काढली आणि काकूंच्या हातात दिली. "नावाड्याकडे जायचंय ना? चल." मास्तरांनी बाहेर जायच्या चपला घातलेल्या होत्या.

लेकही मागून आली. धक्क्यावर पोचल्यावर काकू रंग वाळलेल्या होडीत उतरल्या. मास्तर काठावर थांबतील म्हणून त्यांनी टेपेचं शून्य नावाड्याकडे द्यायला हात पुढे केला. तर मास्तर धोतर वर धरून, ओठ मिटून, एक पाय होडीत टाकत होते.

"अहो! तुम्ही कुठे?"

"होडीत बसणाऱ्याचं माप," मास्तर दातांतून बोलले. "पोरगी म्हणाली ना?" आणि दुसरा पाय आत आला. होडी हलली. मास्तर जे खाली बसले ते सरळ मागच्या खांबाला मिठी मारून. सगळा काठ हसला. काकू नाही हसल्या. हा माणूस कशासाठी आत आला ते त्यांना कळलं होतं, आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

"शून्य धरा," त्या म्हणाल्या. "खांब सोडा, पळत नाही तो."

नेमका नावाडी खट्याळ. त्याने दोर सैल सोडला. होडी हळूहळू धक्क्याच्या कडेने निघाली.

"अगं, धक्का सरकतोय!" मास्तर ओरडले.

"होडी सरकतेय, बाबा!" धक्क्यावरून लेक ओरडली.

"तुझ्यापुरती सरकत असेल!" काकूंनी तिला ठणकावलं. "आम्ही आहोत तिथेच आहोत. अहो, हं?"

"हं!"

"आता 'हं'ची गरज नाही, आई! आत बसून कधीही मापा!"

"तू गप्प बस. आमची रीत आहे."

घरी आल्यावर मास्तरांनी कापड टेबलावर पसरलं. जुन्याला जोड द्यायचा नाही, नवंच कापायचं, असं ते परस्पर ठरवून आले होते. काकूंनी माप सांगितलं. मास्तरांनी रेघ मारली. पलीकडे कापडाची कड धरून काकू उभ्या राहिल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. कुलूपवाल्याच्या दारात बघण्यासारखं काही नव्हतं. पण मास्तरांच्या हाताकडे बघायची हिंमत त्यांना होत नव्हती.

"चार बोटं सोडा," शेवटी त्याच म्हणाल्या. "कमी पडलं तर पुन्हा हसं व्हायचं."

मास्तर थांबले. कात्री त्यांनी खाली ठेवली.

"पाहिलंस वाटतं त्या दिवशी."

काकूंनी कापडाची कड मुठीत गच्च धरली.

"भांडीवाल्याचं छत चार बोटं खाली लोंबतंय," मास्तर म्हणाले. "येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्याला लागतं. रोज शिव्या घालतो तो मला. दुमडून देतो म्हटलं, तर म्हणतो, मापकाकू असताना तुम्हाला ही अवदसा आठवली कुठून?" मग म्हणाले, "माझं चुकलं. आणि धक्क्यावर तुला एकटीला धाडलं, तेही."

मास्तरांनी कात्री उचलली आणि तिचं पातं थेट खडूच्या रेघेवर ठेवलं. हात कुठेही आडवा ठेवला नाही. कापडाच्या पलीकडे बघून त्यांनी विचारलं, "हं?"

काकू रेघेवरच्या पात्याकडे बघत राहिल्या. मास्तर थांबून राहिले, त्यांनी कात्री हलवली नाही. "हं?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"हं," काकू म्हणाल्या, आणि कात्री चालू झाली.